कृतज्ञतेचा हजेरीपट

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शिवाजीनगर मागे पडले की खडकीचे स्थानक लागते, आणि त्या स्थानकाच्या आसपासच्या दोन-चार मैलांत फौजी आयुष्याच्या जवळजवळ सगळ्या अवस्था शेजारी शेजारी नांदताना दिसतात. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी याच परिसरात दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेचा इंग्रजांशी मुकाबला झाला आणि पेशवाईच्या अखेरीस प्रारंभ झाला. पुढे इंग्रजांनी येथे छावणी वसवली, १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना काढला, बॉम्बे सॅपर्सचे ठाणे केले. आजही येथे एकीकडे रंगरूट कवायत शिकतात, दुसरीकडे दारूगोळा तयार होतो, तिसरीकडे लष्करी इस्पितळ चालते, आणि थोड्याच अंतरावर महायुद्धांतील मृतांची निगुतीने राखलेली दफनभूमी आहे. भरती, शिक्षण, शस्त्र, शुश्रूषा आणि मृत्यू एवढ्यांची सोय झाल्यावर एक अवस्था शिल्लक राहते आणि देशभक्तिपर व्याख्यानांत तिचा उल्लेख क्वचितच येतो. सैनिक जखमी होतो, पण मरत नाही. जगतो, पण बरा होऊन पलटणीत परतत नाही. आणि विशीत किंवा तिशीत आलेल्या त्या जायबंदी देहासह पुढली तीस-चाळीस वर्षे काढतो. या अवस्थेतील माणसांसाठी १९७४ मध्ये खडकीस पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर स्थापन झाले. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूस इजा होऊन ज्यांचे पाय, किंवा हातपाय दोन्ही, निकामी झाले असे तिन्ही दलांतील माजी सैनिक तेथे राहतात.

त्यांच्याविषयी जनसामान्यांची समजूत अशी असते की हे सगळे शत्रूच्या गोळीने घायाळ झालेले वीर असावेत. काही जण तसे आहेतच. परंतु फौजेत पाठीचा कणा मोडण्याची कारणे रणांगणापेक्षा पुष्कळच अधिक आणि पुष्कळच सामान्य असतात. डोंगराळ मुलुखात रसद नेणारी गाडी दरीत कोसळते, सरावात उडी चुकते, उथळ पाण्यात सूर मारला जातो, रजेवर गावी आलेल्या जवानाची मोटारसायकल रात्री उसाच्या ट्रॉलीवर आदळते. सरकारी दफ्तर या प्रसंगांची बारकाईने विभागणी करते: अपंगत्व लष्करी सेवेमुळे आले, सेवेमुळे वाढले, की सेवेशी त्याचा काहीच संबंध नाही, यावर निवृत्तिवेतनाचा आकडा अवलंबून असतो, आणि या एका निर्णयासाठी वैद्यकीय मंडळाचे कागद, अपिले आणि न्यायाधिकरणाच्या तारखा यांत माणसाची अनेक वर्षे जाऊ शकतात. शरीर मात्र असा भेद ओळखत नाही. मानेतील मज्जारज्जू तुटला की तो कारगिलच्या कड्यावर तुटला की सातारा रस्त्यावर, याने लघवीच्या नळीत होणाऱ्या जंतुसंसर्गात किंवा माकडहाडावर पडणाऱ्या जखमेत तिळमात्र फरक पडत नाही.

मग ही माणसे आपापल्या घरी का राहत नाहीत, असा प्रश्न सहज मनात येतो, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी घराच्या बांधणीत आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फौजेस मनुष्यबळ पुरवले. साताऱ्याजवळच्या एका अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत, आणि गावाच्या नावास ‘मिलिटरी’ हे उपपद कायमचे चिकटले. परंतु फौजेला मुलगा देणाऱ्या या गावांतील घर चाकांच्या खुर्चीला ओळखत नाही. दारास उंबरठा, सोप्यास पायऱ्या, न्हाणीस अरुंद दार, शौचालय अंगणाच्या पलीकडे, आणि पावसाळ्यात त्या अंगणाचा चिखल. आई कणखर असते. पण साठ-सत्तर किलो वजनाचा तरुण देह दिवसातून दहा वेळा उचलून कूस बदलवणे हे एका म्हाताऱ्या बाईच्या हाडांचे काम नव्हे. घरातील प्रेमास येथे तोटा नसतो, तोटा असतो तो हातांचा. आणि संस्था निर्माण होते ती प्रेमाची जागा घेण्यासाठी नव्हे, तर हातांची ही तूट भरून काढण्यासाठी. हे नीट ध्यानात ठेवले म्हणजे अशा संस्थेचा दर्जा कशाने मोजावा हा प्रश्नही सोपा होतो.

तो मोजण्यासाठी प्रथम त्या देहाची दिनचर्या समजून घ्यावी लागते, आणि तिचा आरंभ पहाटेस न होता रात्रीस होतो. निरोगी मनुष्य झोपेत नकळत कूस बदलतो, कारण दबलेल्या भागातून येणारी वेदनेची वर्दी मेंदूस पोचते. ज्याचा मज्जारज्जू तुटला आहे, त्याच्या बाबतीत ही वर्दी वाटेतच अडते. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपते, रक्तपुरवठा थांबतो, आणि काही तासांत प्रथम एक लालसर डाग उमटतो. त्या डागावर बोट दाबून सोडले असता लाली गेली आणि परत आली तर चिंता थोडी. बोटाखाली ती तशीच राहिली तर आतले मांस मरू लागले असे समजावे. या घडीस दुर्लक्ष झाले तर आठवड्याभरात तेथे मूठ जाईल एवढा खड्डा पडू शकतो, आणि तो भरून यायला महिने लागतात. ते सगळे महिने त्या माणसाला पालथे पडून काढावे लागतात. म्हणून रात्रपाळीचा परिचारक दर दोन तासांनी येतो, पलंगाच्या एका बाजूस उभा राहून एक हात खांद्याखाली व दुसरा नितंबाखाली घालतो, देह ओढत नाही तर उचलून वळवतो, कारण ओढले की कातडी घासते. दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवतो, टाचा गादीवरून अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली घडी सरकवतो, चादरीची सुरकुती ताणून काढतो, आणि पुढल्या पलंगाकडे जातो. दहा वाजता, बारा वाजता, दोन वाजता, चार वाजता. हे काम करण्यास पदवी लागत नाही. परंतु ते एका रात्री चुकले तर मोठमोठ्या पदवीधरांना ते निस्तरता येत नाही.

दिवसाची कथा याहून निराळी नाही. ज्याच्या हातांत बळ आहे त्याला खुर्चीत बसल्या बसल्या थोड्या थोड्या वेळाने दोन्ही हात टेकून आपले बूड उचलून धरण्याची सवय लावलेली असते. सकाळी लांब दांड्याच्या आरशात तो स्वतःच्या पाठीची तपासणी करतो. मानेपासून खाली ज्याचे सारेच गेले त्याची ही तपासणी दुसऱ्याने करायची असते. अशा माणसाच्या बाबतीत एक विलक्षण प्रकार घडतो, आणि तो ओळखता येणे हीच परिचारकाची खरी परीक्षा. गडी चांगला बोलत बसलेला असतो, आणि एकाएकी त्याचे डोके ठणकू लागते, चेहरा लालबुंद होतो, कपाळावर घाम डवरतो, रक्तदाब भराभर चढत जातो. अननुभवी माणूस डोकेदुखीची गोळी शोधायला धावतो. जाणकार मनुष्य प्रथम त्याला सरळ बसवतो आणि लघवीच्या नळीकडे पाहतो. बहुधा ती कोठेतरी मांडीखाली दबलेली, पिळवटलेली असते, मूत्राशय तुडुंब भरलेले असते, आणि त्याची हाक मेंदूपर्यंत पोचत नसल्यामुळे शरीराने हा भलताच मार्ग धरलेला असतो. नळी मोकळी केली की काही मिनिटांत सारे शांत होते. ती न पाहिली गेली तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतो. उन्हाळ्याचेही तसेच. इजेच्या खालच्या भागास घाम येत नाही, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांतील पुण्याच्या उन्हात त्या देहाची निवण्याची सोयच बंद झालेली असते. ओला टॉवेल, पंखा, पाण्याचा पेला हीच त्याची कातडी. वैद्यकशास्त्राचे मोठे चमत्कार इस्पितळात घडत असतील. येथे आयुष्य टिकते ते टॉवेल कोणी वेळेवर ओला केला यावर.

हे ज्ञान फार जुने नाही, आणि ते मिळवून देण्यात एका निर्वासित वैद्याचा वाटा मोठा आहे. पहिल्या महायुद्धात कण्यास इजा झालेला सैनिक बहुधा जगत नसे. शय्याव्रणे आणि मूत्रमार्गाचा संसर्ग त्याला काही आठवड्यांत किंवा महिन्यांत नेत, आणि वैद्यकही त्याच्याकडे पाठ फिरवून मोकळे होई. जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथील ज्यू मज्जाविशारद लुडविग गुटमान १९३९ मध्ये नाझींच्या जाचातून निसटून इंग्लंडमध्ये आले, आणि १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथील कण्याच्या रुग्णांचा नवा विभाग त्यांच्याकडे सोपवण्यात आला. त्यांनी कोणतेही नवे औषध शोधले नाही. रुग्णांची कूस दर दोन तासांनी, रात्रंदिवस, बदललीच पाहिजे असा दंडक घातला, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी अवेळी स्वतः फेऱ्या मारल्या. त्यानंतरच, जगलेल्या माणसाने जगून करावे काय, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. आणि २९ जुलै १९४८ रोजी, लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, इस्पितळाच्या हिरवळीवर सोळा जायबंदी स्त्रीपुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ तेथे आहे. क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे: आधी कातडी, मग मैदान.

त्या मैदानावर महाराष्ट्राचा एक पुत्र लवकरच चमकला. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर फौजेच्या ईएमई विभागात होते, मुष्टियोद्धे म्हणून नावाजले होते, आणि १९६५ च्या युद्धात अंगावर गोळ्या झेलून कमरेखाली अधू झाले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील स्पर्धेत ५० मीटर मुक्त पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून त्यांनी भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. देशाने पद्मश्री दिली ती २०१८ मध्ये. २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला तेव्हा कोठे हे नाव घरोघरी पोचले. पेटकरांचा गौरव करताना आपण बहुधा जिद्द या शब्दापाशी थांबतो. जिद्द होतीच, परंतु पाठीवर व्रण असलेला मनुष्य पाण्यात उतरू शकत नाही, आणि त्या पाठीवर व्रण पडू नये म्हणून ज्यांनी रात्री जागवल्या त्यांची नावे कोणत्याही चित्रपटात नसतात.

जायबंदी सैनिकाची तरतूद करणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे, ही जाणीव आपल्याकडे नवी नाही. अफझलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजीमहाराजांनी जखमी झालेल्यांना जखम पाहून कमीअधिक होन दिले आणि मृतांच्या बायकापोरांचा बंदोबस्त केला, असे सभासदाने नोंदवून ठेवले आहे. पुढे मराठी दफ्तरांत बालपरवेशी या नावाने पडलेल्या सैनिकांच्या मुलांसाठी नेमणुका चालत. आजच्या वैद्यकीय मंडळाची अपंगत्वाची टक्केवारी ही त्या ‘जखम पाहून’ देण्याच्या रिवाजाचीच वंशज होय. मात्र होन एकदा मोजून देता येतो, निवृत्तिवेतन महिन्यातून एकदा. कूस बदलण्याची उधारी दर दोन तासांनी थकते. पैशाने शुश्रूषा विकत घेता येईल असे आपण गृहीत धरतो, आणि ती विकण्यास जवळपास कोणीच नसते, हा अनुभव गावोगावच्या शय्याग्रस्त निवृत्तांना येतो.

सैनिकांसाठी स्वतंत्र वास्तू उभारण्याची कल्पना युरोपात रुजली. चौदाव्या लुईने १६७० मध्ये पॅरिस येथे इन्व्हालिदची स्थापना केली. त्यात दया होती आणि राजधानीच्या रस्त्यांवर भीक मागत फिरणाऱ्या, प्रसंगी दांडगाई करणाऱ्या माजी सैनिकांना नजरेआड करण्याची सोयही होती. तेथे हजारो सैनिकांचा मुक्काम असे, त्यांच्यासाठी उद्योगशाळा होत्या, आणि शिस्त बराकीचीच असे. त्यापाठोपाठ इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६८२ मध्ये चेल्सीच्या रॉयल हॉस्पिटलचा पाया घातला. ख्रिस्तोफर रेनने ते बांधले आणि १६९२ मध्ये पहिले रहिवासी आत आले. लाल डगले घातलेले ते वृद्ध आजही लंडनची एक ओळख आहेत. मला मात्र डगल्यांहून त्यांच्या खोल्यांचा इतिहास अधिक बोलका वाटतो. रेनच्या लांबच लांब दालनांत लाकडी फळ्यांनी पाडलेला प्रत्येकाचा कप्पा आरंभी सहा फूट चौरस होता. तो नऊ फूट होण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. आणि प्रत्येकास बाहेर पाहणारी खिडकी व स्वतःचे स्नानगृह मिळाले ते गेल्या दशकात. स्त्री-सैनिकांना प्रवेश मिळाला तोही २००९ मध्ये. घुमट, स्तंभ आणि प्रांगण पहिल्या दहा वर्षांत उभे राहिले, आणि म्हाताऱ्या माणसाला खाजगी न्हाणीघर मिळायला त्यापुढे तीन शतके लागली. वास्तू बाहेरून पाहणाऱ्यांसाठी आधी बांधली जाते आणि आत राहणाऱ्यांसाठी नंतर, याचा याहून स्पष्ट पुरावा दाखवता येणार नाही.

केवळ धनाने हा प्रश्न सुटत नाही, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून कळते. अब्राहम लिंकन यांनी मार्च १८६५ मध्ये, मृत्यूच्या जेमतेम सहा आठवडे आधी, जायबंदी स्वयंसैनिकांच्या आश्रमाच्या कायद्यावर सही केली, आणि आज त्या देशात संघराज्याची व घटकराज्यांची मिळून माजी सैनिकांच्या शुश्रूषागृहांची मोठी साखळी आहे. नियम आहेत, तपासनीस आहेत, गुणांकन आहे. तरीही मॅसॅच्युसेट्स राज्यातील होलियोक येथील सैनिकगृहात २०२० च्या वसंत ऋतूत करोनाच्या साथीने किमान ७६ माजी सैनिक दगावले. पुढे झालेल्या चौकशीत निष्पन्न झाले ते असे: २७ मार्च रोजी कामावर पुरेशी माणसे नव्हती, म्हणून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे दोन विभाग एकत्र करण्यात आले, आणि पंचवीस जणांसाठी असलेल्या जागेत चाळीसच्या आसपास माणसे, बाधित आणि निरोगी अशी सरमिसळ, पलंगास पलंग लावून निजवण्यात आली. सेवकवर्ग अपुरा असल्याची ओरड त्या संस्थेत काही वर्षे आधीपासून चालू होती. पुढे राज्याने कुटुंबीयांना नुकसानभरपाईदाखल ५ कोटी ६० लक्ष डॉलर देऊ केले. द्रव्य होते, ध्वज होता, स्मारकशिला होत्या, ‘वीर’ हे संबोधन होते. त्या दिवशीच्या हजेरीपटावर मात्र पुरेशी नावे नव्हती.

हजेरीपट हा कारकुनी कागद. पण सैनिकगृहाचा खरा आरोग्यतक्ता तोच होय, असे माझे मत आहे. त्यावर ज्यांची नावे असतात त्यांना आपल्या इस्पितळांच्या बोलीत मामा आणि मावशी म्हणतात; नात्याची ही संबोधने गोड असली तरी अनेकदा ती पगार कमी असल्याची आणि नेमणूक कंत्राटी असल्याची भरपाई म्हणून वापरली जातात. दहा वर्षे एकाच दालनात काम केलेला मामा, कोणाच्या कोणत्या पायास आचके येतात, कोणाला पाणी पिण्याची आठवण करावी लागते, कोण दुखणे लपवतो, हे न विचारता जाणतो. तो चार पैसे अधिक मिळाले म्हणून दुसरीकडे निघून गेला, की हे सारे ज्ञान त्याच्याबरोबर फाटकाबाहेर जाते, आणि नव्या माणसाचे शिक्षण रहिवाशांच्या कातडीवर सुरू होते. इमारतीच्या डागडुजीस आपण देखभाल म्हणतो आणि तिची बेगमी आधीच करून ठेवतो; अनुभवी माणूस टिकवण्यासाठी लागणाऱ्या खर्चास मात्र आस्थापनेचा बोजा म्हणतो, आणि काटकसरीची कात्री प्रथम त्यावर चालवतो.

सैनिकांच्या बाबतीत दर्जा तपासण्यात एक अडचण आणखी असते, आणि ती त्यांच्या सद्गुणातून निर्माण होते. फौजेने त्यांना शिकवलेले असते की वरिष्ठाने विचारले असता उत्तर एकच: ‘सब ठीक है, साहब.’ चाकांच्या खुर्चीत बसला तरी सुभेदार सुभेदारच असतो आणि शिपाई शिपाईच. भेटीस आलेल्या अधिकाऱ्यापुढे तो ताठ बसतो, खळखळून हसतो, आणि जेवण खारट होते, रात्री घंटा वाजवूनही कोणी आले नाही, पायमोजा तीन दिवस बदलला गेला नाही, यांपैकी काहीही त्याच्या तोंडून निघत नाही. तक्रार करणे म्हणजे कच खाणे, असा संस्कार हाडांत मुरलेला. म्हणून अशा ठिकाणी अधिकाऱ्याच्या पाहणीतून सत्य हाती लागणे कठीण. ते लागते तटस्थ माणसाने एकांतात, घाई न करता, एकाहून अधिक वेळा विचारले तर, किंवा न विचारता टाचा पाहिल्या तर.

शुश्रूषा ही अर्धीच गोष्ट होय; व्रण नसलेला मनुष्य सुखी असतोच असे नाही. खडकीच्या केंद्रात चाकांच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळले जाते, आणि ज्यांची बोटे हलत नाहीत ते दातांत कुंचला धरून चित्रे काढतात. तोंडाने काढलेले चित्र जवळून पाहिले की त्यामागचे कष्ट कळतात: कुंचल्याची दांडी दातांनी झिजते, लाळ सांभाळावी लागते, डोके मागे नेल्याशिवाय काढलेली रेषा दिसत नाही, आणि रंग बदलायचा झाला की कोणीतरी कुंचला धुऊन पुन्हा ओठांत ठेवावा लागतो. पाहुणे या चित्रांपाशी थबकतात, हळहळतात, आणि छायाचित्र घेऊन पुढे जातात. त्यांचे येणे ठरावीक दिवसांनी होते: प्रजासत्ताक दिनी, राखी पौर्णिमेस, ७ डिसेंबरच्या ध्वजदिनी. त्या दिवशी मिठाईचे पुडे एवढे जमतात की मधुमेह असलेल्यांची पंचाईत होते. आणि खुर्चीच्या पुढल्या चाकाचे बेअरिंग, चांगली गादी, नळीच्या पिशव्या यांची चणचण मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. दिवस जड जातो तो पाहुणे गेल्यावर. सकाळी किती वाजता उठावे, चहा पलंगावर घ्यावा की व्हरांड्यात, दार लोटून घ्यावे की उघडे ठेवावे, आज कोणाशीही बोलू नये, असल्या बारीकसारीक गोष्टी आपण दिवसभर ठरवत असतो आणि ठरवतो आहोत याचे भानही नसते. संस्थेत त्या सगळ्या दुसऱ्याच्या पाळीप्रमाणे ठरतात. परिचारकास वेळ असेल तर रहिवाशाला इच्छा असू शकते. एका परिचारकाकडे फार पलंग सोपवले की अंघोळ, नाश्ता आणि निद्रा यांची रांग लागते, आणि माणूस हळूहळू इच्छा करणेच सोडून देतो. तेव्हा स्वातंत्र्याचा प्रश्नही अखेर हातांच्या संख्येपाशीच येऊन ठेपतो.

काळाने या प्रश्नात आता नवी भर घातली आहे. १९७४ मध्ये केंद्र उघडले तेव्हा कल्पना पुनर्वसनाची होती: तरुण जवान यावा, खुर्ची वापरण्यास शिकावा, एखादा धंदा हस्तगत करावा, आणि जमल्यास समाजात परतावा. खडकीसच, पहिल्या महायुद्धातील जायबंदी हिंदी सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत निघालेली आणि पुढे येथे आलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट याच हेतूने धंदेशिक्षण देत आली आहे. पुष्कळजण तसे परतलेही, संसार थाटून राहिले. परंतु ज्यांना परतणे शक्य नव्हते ते शुश्रूषेच्या गुणानेच दीर्घायुषी झाले, आणि पंचविशीत आलेला मनुष्य तेथेच साठीत पोचू लागला. चाळीस वर्षे खुर्ची ढकलून खांद्यांचे सांधे झिजतात, मूत्रपिंडे थकतात, हाडे ठिसूळ होतात, भेटीस येणारी आई निवर्तते, भावाच्या घरी तिसरी पिढी येते आणि येणे-जाणे विरळ होते. कार्यशाळा, मैदान आणि पुनर्वसन यांच्या हिशेबाने उभारलेल्या संस्थेला अशा रीतीने वृद्धांच्या शुश्रूषागृहाचेही काम अंगावर घ्यावे लागते. पंजाबात मोहाली येथे १९७८ मध्ये निघालेल्या अशाच केंद्रापुढेही हीच वाट आहे. खांदा गेलेल्या माणसाला आता बूड उचलून धरता येत नाही. कालपर्यंत जो स्वतःची काळजी घेत होता, त्याच्यासाठीही आता एक माणूस लागणार, हे अंदाजपत्रक करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावयास हवे.

द्रव्य येते ते दोन-तीन वाटांनी. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आणि शाळा-कचेऱ्या यांच्यामार्फत निधी गोळा होतो, आणि केंद्रीय सैनिक बोर्ड त्या निधीतून खडकी व मोहाली येथील केंद्रांस अनुदान देते. शिवाय देणगीदार आहेत. देणगीदाराचा स्वभाव असा की त्याला दिसणारी वस्तू द्यावीशी वाटते. नावाची पाटी लावता येईल असे सभागृह, फीत कापता येईल अशी व्यायामशाळा, चावी हातात देता येईल अशी रुग्णवाहिका यांना दाते सापडतात. रात्री दहा ते सकाळी सहा या पाळीवर एका जादा मामाचा वर्षभराचा पगार द्यावा, असे म्हणणारा दाता विरळा. कारण त्या पगारावर पाटी लावण्यास जागा नसते. तथापि दोन्हींतील हित तोलून पाहिले तर पारडे कोणीकडे झुकेल याविषयी संदेह नसावा.

दिवाळी झाली की महिन्याभराने ध्वजदिन येईल. कचेरीत डबा फिरेल, मुले कागदी ध्वज घेऊन दारी येतील. त्यांना रिकाम्या हाताने पाठवू नये. परंतु वाचकांपैकी जे कोणी धर्मादाय संस्थांचे विश्वस्त असतील, उद्योगधंद्यांच्या सामाजिक निधीवर ज्यांचा अधिकार चालत असेल, किंवा ज्यांचा कोणी आप्त सैनिकगृहात अथवा साध्या वृद्धाश्रमात असेल, त्यांना माझी एवढी विनंती आहे की पुढल्या भेटीत बाग, सभागृह व गौरवफलक पाहून झाल्यावर व्यवस्थापकांना नम्रपणे एक कागद मागावा: गेल्या महिन्याचा रात्रपाळीचा हजेरीपट. दोन वाजता किती पलंगांमागे किती माणसे जागी होती हे त्यावरून कळेल. ती पुरेशी नसतील तर देणगी तेथेच, त्याच नावाने आणि दरसाल द्यावी.